डेलची जागा

नॉर्बर्ट शिमकोव्याकने आयुष्यात मला एकदाही पटकन 'हो' म्हटलेलं नाही. कॉफी घेणार का विचारलं तर हा गृहस्थ आधी खिडकीबाहेर बघतो. मिलवॉकी शहराची बस चालवण्यात उमेदीची वर्षं गेली त्याची, त्यामुळे प्रत्येक गोष्टीत डावं-उजवं बघितल्याशिवाय गाडी पुढे काढायची नाही हे अंगात भिनलंय. म्हणून एका शुक्रवारी, नेहमीच्या ठिकाणी तळलेला मासा खाताना, तो एकदम म्हणाला, "बर्नी, मी कॉलेज पुरं करतोय," तेव्हा माझा घास घशातच अडकला.

"या वयात?" मी म्हटलं. "सहासष्टचा झालास की रे."

"म्हणूनच. सदुसष्टचा झाल्यावर करू?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्याचं शिक्षण राहिलं होतं ते अगदी दाराशी येऊन. अठ्ठ्याऐंशी साली तो दिवसा गोदामात माल उचलायचा आणि संध्याकाळी विद्यापीठात इतिहास शिकायचा. शेवटचं सत्र चालू होतं. तेव्हाच डेल आजारी पडला. डेल म्हणजे नॉर्बचा जोडीदार. नवरा म्हणायची तेव्हा सोय नव्हती. आजार तोच, एड्स, ज्याचं नाव घेताना शेजारी आवाज खाली करत. नॉर्बने पुस्तकं खोक्यात भरली, बसची नोकरी धरली, पहाटेची पाळी मागून घेतली, म्हणजे दुपारपासून डेलच्या उशाशी बसता येईल. तीन वर्षं त्याने त्याचं सगळं केलं, शेवटी शेवटी तर घास भरवणंसुद्धा. डेल गेला आणि नॉर्ब बस चालवत राहिला. पुस्तकांचं खोकं तळघरात तसंच पडून राहिलं.

आता विद्यापीठाने त्याचे जुने गुण धरायचं कबूल केलं होतं, पण मे महिन्यापर्यंतच. त्यानंतर ते बाद. एकच विषय उरला होता, आणि त्याने निवडला एलजीबीटी अभ्यास. मी हसले. आमच्या तरुणपणी विद्यापीठात आमच्यासारख्या समलिंगी माणसांचं नाव निघालंच तर ते रोगांच्या तासाला निघायचं. आता त्याच इमारतीत आमच्यावर पदवी मिळते म्हणे. या विषयात शेवटी परीक्षा नसते, प्रकल्प असतो. कॅपस्टोन म्हणतात त्याला. आपल्या भाषेत सांगायचं तर कळस चढवायचा. तो बसला तर पदवी, नाही बसला तर मे संपला आणि नॉर्बही संपला.

आता आमच्या क्लबाबद्दल सांगते, कारण नॉर्बने प्रकल्प त्याच्यावरच करायचं ठरवलं. 'टू लेफ्ट बूट्स' हे आमच्या क्लबाचं नाव. गे आणि लेस्बियन मंडळींचा स्क्वेअर डान्स क्लब. चर्चच्या तळघरात दर गुरुवारी जमायचो. चार जोड्या चौकोनाच्या चार बाजूंना उभ्या राहतात, एक जण माइकवरून पुकारा देतो, आणि पुढचा पुकारा काय येणार हे नाचणाऱ्यांना अजिबात माहीत नसतं. ऐकायचं आणि करायचं. पुकारा देणारी मी. हार्डवेअरच्या दुकानात खिळे आणि नळाचे वॉशर विकून पोट भरलं, पण आठ माणसं माझ्या शब्दावर गरागरा फिरायची ती फक्त गुरुवारी. त्या सुखाला तोड नाही.

क्लबात एक रीत होती. कुणी गेलं की त्या गुरुवारी त्याची जागा मोकळी ठेवायची आणि तो तिथे उभा आहे असं धरून बाकीच्यांनी नाचायचं. त्याच्या हाताच्या जागी हवेत हात द्यायचा, वळायचं, पुढे जायचं. सरावाला माणसं कमी पडली की सगळेच क्लब असं नाचतात, त्या रिकाम्या जागांना भुतं म्हणतात. आम्ही ते आमच्या माणसांसाठी सुरू केलं. एका गुरुवारपुरतं होतं ते. पण त्या वर्षांत एक गुरुवार सरतो न सरतो तोच दुसरं कुणीतरी जायचं. पुढे पुढे चौकोनात जिवंत किती आणि भुतं किती हे मी मोजणं सोडून दिलं. बाकीच्यांनी हळूहळू नवे जोडीदार घेतले. नॉर्बने घेतला नाही. त्याच्या उजव्या अंगाला डेलची जागा असायची आणि तिथे कुणी उभं राहायचं नाही. नवं कुणी आलं तर आम्हीच त्याला दंडाला धरून दुसरीकडे न्यायचो. कोविडच्या काळात आमचे गुरुवार बंद पडले, ते परत सुरू झालेच नाहीत.

तर नॉर्बने या सगळ्याचा इतिहास लिहून काढला. जाडजूड बाड झालं. ते घेऊन तो आपल्या प्राध्यापिकेकडे गेला. डॉक्टर इमानी प्रेविट. वयाने त्याच्या मुलीसारखी, पण नजर अशी की मुख्याध्यापकाने पाय नीट करून बसावं. तिने ते सगळं वाचलं आणि परत दिलं.

"वाचताना मी दोनदा रडले," ती म्हणाली. "पण हा प्रकल्प नाही झाला."

"का?"

"यात सगळे मेलेले आहेत, नॉर्बर्ट. जिवंत कोण आहे? तुम्ही कुठे आहात? मला हे कागदावर नको. लोकांना घेऊन करा, लोकांसमोर करा. तुमच्या क्लबाने एरवी काय केलं असतं?"

"नाचलो असतो."

"मग?"

नॉर्ब माझ्याकडे आला तो चेहरा पाडून. "ती मला नाचायला सांगतेय," तो म्हणाला, जणू तिने छपरावरून उडी मारायला सांगितली होती. मी मात्र त्याच दिवशी कपाटावरून माइक खाली काढला.

आमच्यातले उभे राहू शकतील असे कोण उरले होते? नॉर्ब. वेंडेल आणि कर्टिस, हे दोघं नवरा-नवरा, अजून रोज भांडतात. आणि लोरेन, जिचा एक गुडघा तिचा आहे आणि एक डॉक्टरांचा. म्हणजे चार. चौकोनाला आठ लागतात. नॉर्बने वर्गात विचारलं, तर चार पोरं लगेच तयार झाली. त्यातली एक पा हूआ शिओंग. बुटकी, काटक, बोलायला फटकळ. आपल्या शहरातल्या मोंग घरातली, म्हणजे लाओसहून आलेल्या लोकांतली. ती बाजारात आईच्या भाजीच्या गाळ्यावर बसते, त्यामुळे म्हाताऱ्यांशी कसं बोलायचं हे तिला शिकवावं लागलं नाही.

पहिला सराव चर्चच्या त्याच तळघरात होता, तिथे लोरेनने जुन्या सवयीने विचारलं, "हं, मुलाच्या जागी कोण आणि मुलीच्या जागी कोण?"

पोरं एकमेकांची तोंडं बघायला लागली. निळ्या केसांचं एक पोर अवघडून म्हणालं, "दोन्ही नसलो तर?"

"तर दोन्ही शिक," वेंडेल म्हणाला. वेंडेलची दाढी छातीपर्यंत येते. "आम्ही सगळ्यांनी दोन्ही शिकलंय. मी याच्यासमोर चाळीस वर्षं मुलगी आहे."

"आणि अजून वळताना पाय तुडवते," कर्टिस म्हणाला.

पोरं जी हसली त्याने तळघर दणाणलं. मला वाटलं, जमलं. जिंकलोच आपण.

कसलं काय. पोरं चलाख होती, दोन आठवड्यांत त्यांनी बरंच उचललं. पण साखळी आली की चौकोन मोडायचा. साखळी म्हणजे सगळ्यांनी गोल फिरायचं, समोर येईल त्याला उजवा हात द्यायचा, त्याला ओढून मागे टाकायचं, पुढच्याला डावा, पुन्हा उजवा, असं आपल्या जोडीदारापर्यंत. आठातला एक जरी चुकला तरी सगळे एकमेकांवर आदळतात. आम्ही दर वेळी आदळत होतो, आणि चुकायची ती दर वेळी पा हूआ. तिला नॉर्बच्या उजव्या अंगाला उभं केलं होतं, कारण तीच एक जागा मोकळी होती.

"पोरी, उलटी फिरतेस तू," मी माइकवरून ओरडले. "उजवा हात कुठला ते तरी ठाऊक आहे का?"

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "हा बघा. हा मी पुढे करते. आणि हे माझा हात धरतच नाहीत."

"काय म्हणतेस?"

"नॉर्बर्ट माझा हात धरत नाहीत. ते माझ्या हाताच्या शेजारी हात फिरवतात आणि निघून जातात. मला कुणी ओढलंच नाही तर मी जाऊ कुठे?"

आम्ही पुन्हा केलं आणि या वेळी मी नीट बघितलं. पोरगी खरं बोलत होती. नॉर्ब वळला, त्याचा हात बरोबर वेळेवर बाहेर आला, बोटं मिटली, आणि ती मिटली ती हवेवर. तिच्या तळव्यापासून वीतभर अंतरावर, डेलचा हात जिथे असायचा तिथे. डेल उंच होता. इतकी वर्षं मी समोर उभी राहून पुकारा देत आले आणि आम्हा कुणालाच यात काही वावगं दिसलं नव्हतं.

नॉर्ब आपल्या हाताकडे बघत राहिला. मग त्याने जाकीट उचललं. "पोरांना घरी पाठव, बर्नी," तो म्हणाला. "आपण चौघंच नाचू. बाकीच्या चार जागा मोकळ्या ठेवू. गेलेल्यांसाठी. लोकांना ते समजेल, बाईंनाही आवडेल."

वेंडेलचे डोळे लगेच भरून आले, त्याला तेवढं पुरतं. मला मात्र संताप आला. "छान," मी म्हटलं. "म्हणजे शोकसभा घ्यायची. तुझी बाई काय म्हणाली होती? जिवंत कोण आहे म्हणाली होती ना? तिथे जाऊन आणखी चार भुतं दाखव तिला. पदवी राहिली तर माझ्या गळ्यात पडून रडू नकोस."

तो जिना चढून निघून गेला. सादरीकरणाला एक आठवडा उरला होता. रागाच्या भरात मी जास्त बोलले की काय असं वाटलं, पण शब्द मागे घेणं माझ्या स्वभावात नाही.

शुक्रवारी तो माशाच्या जेवणाला येईल की नाही याची मला शंका होती. तो आला. आमच्या टेबलावर ताटं येतात न येतात तोच पा हूआ आत शिरली आणि न विचारता बसली. हातात आईच्या गाळ्यावरची कोथिंबिरीची भली मोठी जुडी. ती तिने नॉर्बच्या ताटाशेजारी ठेवली.

"मला काढून टाकलंत ना?" ती म्हणाली.

"तुझ्यात काही खोट नाही, पोरी."

"ते मला माहीत आहे. तुमच्यात आहे." तिने त्याच्या ताटातला बटाटा उचलला. "माझी आजी गेली तेव्हा आमच्याकडे चार दिवस चाललं होतं. एक म्हातारा बसतो आणि मेलेल्या माणसाला वाट सांगत राहतो. आधी मिलवॉकीतलं घर, मग त्याआधीचं घर, मग थायलंडमधली छावणी, मग लाओसमधला डोंगर, असं उलटं उलटं, जिथे जन्म झाला तिथपर्यंत. प्रत्येक ठिकाणी सांगायचं, इथे राहिलीस, इथलं झालं, आता पुढे चल. नाही सांगितलं तर बिचारं माणूस वाटेत उभंच राहतं."

नॉर्बने काटा खाली ठेवला.

"तुमचा डेल किती वर्षं उभा आहे त्या तळघरात?" ती म्हणाली. "पाय दुखत नसतील त्याचे?"

मला वाटलं आता हा उठून जाणार. कुणी त्याच्याशी डेलबद्दल असं बोललेलं मी ऐकलं नव्हतं, मीसुद्धा कधी बोलले नव्हते. नॉर्ब खिडकीबाहेर बघत बसला. बाहेर पावसाची रिपरिप चालू होती, बसथांब्यावर दोन बायका उभ्या होत्या. मग तो म्हणाला, "त्याला नाचताना घाम फार यायचा. हात निसटायचा माझा. म्हणून मी घट्ट धरायचो." एवढंच बोलला आणि पुढचं जेवण गार करून खाल्लं. काय करणार आहे ते त्याने सांगितलं नाही. पा हूआने विचारलं नाही. निघताना त्याने फक्त तिला म्हटलं, "त्या दिवशी नाचायचे बूट घालून ये."

सादरीकरण विद्यापीठाच्या मोठ्या दालनात होतं. आधी इतर विद्यार्थ्यांचं झालं. कुणी फिल्म दाखवली, कुणी तक्ते लावले होते. समोर टेबलाशी डॉक्टर प्रेविट आणि आणखी दोन परीक्षक. मागे खुर्च्यांवर माणसं दाटीने बसली होती, पा हूआची आई भरतकाम केलेलं जाकीट घालून पहिल्या रांगेत. मी छोट्या मंचावर माइकपाशी उभी होते. खाली नॉर्बकडे बघितलं तर त्याचा रंग पिठासारखा.

तो पाच-सहा वाक्यं बोलला, क्लब कधी सुरू झाला, कोण कोण होते. मग त्याने हात हलवला आणि सगळे आठ जण जागेवर येऊन उभे राहिले. चार आमचे, चार पोरं. पा हूआ त्याच्या उजव्या अंगाला. माझा जीव भांड्यात पडला. मी संगीत लावलं आणि पुकारा द्यायला सुरुवात केली.

सुरुवात झकास झाली. वेंडेलच्या दाढीला लोक हसले, लोरेनचा डॉक्टरांचा गुडघाही खूश होता. मग मी साखळी पुकारली. आणि मला वरून स्पष्ट दिसलं, नॉर्बचा हात बाहेर आला आणि पोरीच्या हाताला चुकवून हवेत मिटला. पा हूआ गोंधळली, निळ्या केसांचं पोर तिच्यावर आदळलं, कर्टिस वेंडेलवर आदळला, आणि साऱ्या दालनासमोर आमचा चौकोन मोडला. मी संगीत बंद केलं. एक परीक्षक कागदावर काहीतरी लिहू लागला. गेली पदवी, मी मनात म्हटलं.

चौकोन मोडला की आपापल्या जागी परत जाऊन पुढच्या पुकाऱ्याची वाट बघायची असते. बाकीचे गेले. नॉर्ब मध्येच उभा राहिला. मग तो लोकांकडे वळला.

"चूक या मुलीची नाही," तो म्हणाला. "माझी आहे. ही जिथे उभी आहे तिथे माझा डेल नाचायचा. तो गेल्यावर ती जागा मी कुणाला दिली नाही. मला वाटायचं, मी त्याची आठवण ठेवतोय. आमचा क्लब बंद पडला तो आजाराने नाही. नवी माणसं यायची आणि आम्ही त्यांच्या शेजारून हात फिरवून निघून जायचो. माझ्या प्रकल्पात हे लिहिलेलं नाही. हे मला कागदावर कळलंच नव्हतं."

लिहिणाऱ्या परीक्षकाने पेन खाली ठेवलं होतं.

मग नॉर्ब आपल्या जागी गेला. पा हूआच्या शेजारी, तिच्या डोक्याच्या बरंच वर, तो बघत राहिला. आणि घरात एखाद्याला सोफ्यावर जागा करायला सांगावं तितक्या सहज म्हणाला, "डेल, जरा सरक रे. पोरीला उभं राहू दे."

माइक हातात धरून पुकारा न देता उभं राहायची माझ्यावर ही पहिलीच वेळ. लोरेन खालून कुजबुजली, "बर्नी, पुकार की गं."

मी पुकारलं. सगळं पहिल्यापासून. साखळी जवळ आली तशी माझी नजर फक्त त्या दोन हातांवर. नॉर्ब वळला, खाली वाकला, कारण पोरगी बुटकी आहे, आणि त्याने तिचा हात धरला. असा धरला की तिच्या तोंडून 'आई गं' निघालं आणि पहिल्या रांगेतली तिची आई अर्धी उठली. त्याने तिला ओढून मागे टाकलं, पुढच्याला डावा हात दिला, त्याच्या पुढच्याला उजवा. प्रत्येक हात त्याने धरला. साखळी फिरली, पुरी झाली, आठही जण आपापल्या जागी येऊन पोचले. लोकांनी दालन डोक्यावर घेतलं. मी थांबायला हवं होतं, वेळ संपली होती. पण मी काय थांबते. मी पुकारत सुटले, मला येत होतं ते सगळं पुकारलं, आणि ते आठही जण नाचत सुटले. म्हातारे घामाघूम झाले, पोरं ओरडत होती. नॉर्ब हसत होता. त्याला एक दात नाही हे मला त्या दिवशी कळलं.

संपल्यावर पा हूआ हात झटकत माझ्याकडे आली. "बोटं मोडली माझी," ती म्हणाली.

"तक्रार कर त्याच्याकडे."

"नको. पुन्हा सैल सोडतील."

परीक्षक विचार करायला बाजूच्या खोलीत गेले. इकडे खुर्च्यांवरची पोरं उठून आमच्याभोवती जमली. आम्हाला पण शिकवा, ती साखळी दाखवा, आम्ही कुठे उभे राहू. मी म्हटलं, मला विचारू नका, त्या म्हाताऱ्याला विचारा. नॉर्बने आठ जणांना उभं केलं, मग आणखी आठ जणांना, आणि स्वतः मधून फिरत एकेकाचा हात दुसऱ्याच्या हातात देऊ लागला. "असा नाही, घट्ट धर," तो सांगत होता. "समोरच्याला कळू दे तू धरलायस ते." पा हूआची आईसुद्धा उभी होती, लोरेनसमोर, आणि दोघींना एकमेकींची भाषा येत नसूनही दोघी बोलत होत्या.

डॉक्टर प्रेविट खोलीतून बाहेर आली ती थेट माझ्याकडे. डोळे लाल होते. "झाले ते," ती म्हणाली. "तिघांचंही एकमत. पदवीधर झाले. त्यांना तुम्ही सांगता की मी सांगू?"

"तुम्हीच सांगा," मी म्हटलं. "पण आत्ता नको. मध्येच थांबवलं तर चौकोन मोडतील."

तिने मान डोलावली आणि माझ्या शेजारी थांबली. मी पुढचा पुकारा दिला. तिकडे नॉर्ब एका नव्या पोराला हात कसा धरायचा ते दाखवत होता.